मदत हवी आहे: घरचे बटाटे थंडीभर कुठे ठेवू? तळघर नाही

काळी_माती
बटाटे काढून झालेत. पीक भरपूर आलंय, थंडी संपेपर्यंत हेच खायचे असं घरात ठरलंय. पण जिथे वाचावं तिथे एकच, "तळघरात ठेवा". तळघर नाही आणि करताही येणार नाही. घरात ठेवले तर मोड येतात, बाहेर ठेवले तर गारठतात. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? पोती तशीच पडून आहेत, त्यामुळे जरा लवकर सांगा. "परिस्थितीवर अवलंबून आहे" असं कृपया नको.

खुरपं
नेमकं सांगायचं तर आधी नेमकं कळायला हवं. किती किलो आहेत? बाहेर म्हणजे कुठे, आणि तिथे रात्री पारा किती उतरतो? घरात किती असतो? काढून किती दिवस झाले? पोती तागाची की प्लास्टिकची? बटाटे धुतलेत का? आणि एक बटाटा हातात घेऊन सालीवर अंगठा जोरात घासून बघा. साल सुटते का?

बांधावरून
तळघराचं काय घेऊन बसलात, मातीत ठेवा! आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो. पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा बघायची, थोडं खोलगट करायचं, खाली पेंढ्याचा वीतभर थर. त्यावर बटाट्यांची रास निमुळती रचायची, पुन्हा सगळीकडून पेंढा आणि मग वरून माती थापायची. माथ्यावर मात्र माती नाही. तिथे पेंढ्याची जुडी उभी बाहेर काढून ठेवायची. बटाटे श्वास घेतात, त्यांची ऊब आणि वाफ तिथून निघून जाते. ही जुडी विसरलात तर आत घाम धरतो आणि अख्खी रास जाते. भोवताली चर खणा. कडाका वाढला की मातीचा थर वाढवा. याच्याइतकं चांगलं काही नाही.

काळी_माती
खड्डा, रास काहीच जमणार नाही. दोन फुटांवर पाणी लागतं, म्हणून तर तळघर नाही. पावसात वरची मातीही चिखल होते.
अंगठा घासून बघितला. बहुतेकांची साल घट्ट आहे, काहींची सुटते. धुतलेले नाहीत.

खुरपं
बाकीची उत्तरं?

सावलीत_बरं
फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. मोड अजिबात येत नाहीत. मी नेहमी तिथेच ठेवते.

प्रयोगवही
फ्रीज नको. साधारण ४ अंशांच्या खाली बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. चव गोडसर होते आणि तळले-भाजले की आत शिजायच्या आधी बाहेरून काळपट पडतात. शिवाय ती साखर आणि बटाट्यातलं अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल जास्त उष्णतेत एकत्र आले की अ‍ॅक्रिलामाइड हे घातक रसायन जास्त तयार होतं. खायच्या बटाट्याला ४ ते ७ अंश, पूर्ण अंधार, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि खेळती हवा. तळण्यासाठीच ठेवायचे असतील तर ७ ते १०.

सावलीत_बरं
आम्ही उकडूनच खातो, आम्हाला काही फरक जाणवलेला नाही. आणि आधी काही दिवस बाहेर काढून ठेवले की गोडपणा जातो.

प्रयोगवही
उकडायला चालतील, ते मान्य. गोडपणा कमी होतो, पण त्यासाठी १५ ते २० अंशांत दोन-तीन आठवडे ठेवावे लागतात आणि तरी सगळा जात नाही. शिवाय यांचं पीक भरपूर आहे, फ्रीजमध्ये मावणार किती?

काळी_माती
१२० किलोच्या आसपास आहेत. फ्रीजचा विषय इथेच सोडा.
जागा दोनच. जिन्याखाली कोनाडा आहे, अंधार असतो, पण १७-१८ अंश. आणि मागे पत्र्याची शेड. तिथे दिवसा ६ ते ८, पण कडाक्याच्या रात्री उणे ३ पर्यंत जातं. एक जागा गरम, एक गार. हाच तर प्रश्न आहे! पोती प्लास्टिकची विणलेली, पांढरी.

खुरपं
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता ऐका. दोन्ही जागा कामाच्या आहेत, फक्त एकामागून एक वापरायच्या.
आधी जिन्याखाली, दहा ते चौदा दिवस. नुकत्या काढलेल्या बटाट्याची साल कोवळी असते आणि खरचटलेल्या जागा उघड्या असतात. थोड्या उबेत आणि दमट हवेत त्या जखमांवर बुचासारखा नवा थर धरतो. १३ ते १६ अंश उत्तम, १८ ला बिघडत नाही. पोत्यात नको, क्रेटमध्ये किंवा जमिनीवर फळ्या टाकून उथळ पसरा आणि वर गोणपाट. माती हाताने झटका, चोळू नका.
मग शेडमध्ये, पण उघडे नाही, पेटीत. लाकडी पेटी किंवा मोठा खोका, आतून सगळीकडून दोन इंच थर्मोकोल, झाकणालाही. खाली विटा किंवा फळ्या देऊन पेटी फरशीपासून उचला, भिंतीपासूनही सोडा. झाकणाजवळ दोन-तीन भोकं ठेवा. बटाट्यांची स्वतःची ऊब थोडी असतेच. आत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. बटाटा साधारण उणे १ अंशाला गोठतो आणि गोठलेला पुन्हा सावरत नाही, वितळला की पाणी सोडतो.

गवती_चहा
पेटीच्या तळाशी पाण्याचे दोन-तीन कॅन ठेवा, गळ्यापर्यंत न भरता. पाणी शून्याला गोठायला लागतं आणि गोठताना उष्णता सोडतं. बटाटा त्याहून जरा खालच्या तापमानाला गोठतो, त्यामुळे मधली वेळ मिळते. उणे ३ च्या एक-दोन रात्री यावर निघतात. कडाका टिकून राहिला तर संध्याकाळी कॅनमधलं पाणी बदलून कोमट भरा. बल्ब लावू नका, उजेडाने बटाटे हिरवे होतील.

सावलीत_बरं
बटाट्यांत एक सफरचंद टाकून ठेवा, मोड येत नाहीत. हे अगदी खात्रीचं आहे.

बांधावरून
उलट आहे! सफरचंदाने मोड लवकर येतात. सफरचंद आणि बटाटे कधीही शेजारी ठेवू नयेत.

सावलीत_बरं
माझ्या घरी येत नाहीत म्हणून सांगतेय.

प्रयोगवही
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो. तो सतत मिळत राहिला तर मोडाची वाढ खुंटते, मोठ्या गोदामांत त्यासाठी इथिलीन सोडतातही. पण थोडा वेळ मिळून थांबला तर बटाट्याची झोप उलट लवकर मोडते. घरच्या पेटीत एका सफरचंदाने यातलं काय होईल ते आपल्या हातात नाही. १२० किलोंवर हा प्रयोग नको. गारवा हाच मोडावरचा खरा उपाय. जातीप्रमाणे बटाटा काढल्यावर दोन-तीन महिने झोपेत असतोच, त्यानंतर ऊब मिळाली की डोळे फुटतात.

नवा_वाफा
मोड न येण्याची पावडर मिळते ना? ती शिंपडली की काम झालं.

प्रयोगवही
क्लोरप्रोफॅम म्हणत असाल तर खायच्या घरच्या बटाट्यावर मुळीच नको. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही आणि २०२० मध्ये वापर थांबला. आता तिथे पुदिन्याच्या एका जातीचं तेल, इथिलीन वगैरे वापरतात. घरी याची गरजच नाही.

मिरगाची_वाट
अवांतर: कांदेही त्याच पेटीत ठेवले तर चालतील का? माझ्याकडे दोन्ही आहेत.

गवती_चहा
नको. कांद्याला कोरडी हवा लागते, ६५-७० टक्के आर्द्रता पुरे. बटाट्याच्या दमट हवेत कांद्याला मुळं फुटतात आणि मान सडते. कांदे जाळीत टांगा.

मिरगाची_वाट
आणि लसूण?

नवा_वाफा
पुढच्या वर्षीसाठी सांगतो, लागवड करताना बेणं कापून लावू नका, अंड्याएवढं अख्खं लावा. दोन ओळींत अडीच फूट अंतर ठेवा आणि मातीची भर दोनदा द्या. मग असे प्रश्न येत नाहीत.

खुरपं
बेण्याचा आणि साठवणीचा काय संबंध? इथे बटाटे आधीच पोत्यात आहेत. काळी_माती, काढून किती दिवस झाले ते अजून सांगितलेलं नाही. साल सुटणारे बटाटे वेगळे काढलेत का?

काळी_माती
आठवडा झाला असेल. वेगळे काढतोय. पेटीचं पटलं, थर्मोकोल घरात आहे.
एक विचारायचं होतं. एका पोत्याला वास येतोय, कुजकट. वरून सगळे चांगले दिसतात. पोत्याच्या तळाशी ओल आहे. उन्हात एक दिवस वाळवले तर चालेल ना?

खुरपं
ऊन नाही! उजेडाने साल हिरवी होते आणि सोलॅनिन हे विष वाढतं, ते शिजवूनही जात नाही. ते पोतं आत्ता, या क्षणी, बाकीच्यांपासून लांब न्या. सावलीत, वारा लागेल अशा जागी पूर्ण रिकामं करा आणि एकेक बटाटा हातात घेऊन बघा. दाबल्यावर बोट आत जातं तो फेका. त्याला टेकलेले, ओले झालेले वेगळे. प्लास्टिकची पोती बंद करा, त्यांत हवा कोंडते.

प्रयोगवही
काढायच्या आधी पाला कसा होता? आपोआप पिवळा पडून वाळला होता की हिरवा असताना कापला?

काळी_माती
पाला शेवटी काळा पडला होता, पावसानंतर तीन-चार दिवसांत सगळाच. वाटलं पीक तयार झालं, म्हणून लगेच काढले. त्याचं काय?

प्रयोगवही
तेच तर महत्त्वाचं आहे. तीन-चार दिवसांत पाला काळा पडणं हे पिकणं नाही, तो बहुधा उशिरा येणारा करपा हा रोग आहे, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जीवामुळे होणारा. पानांवरचे बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर मातीत झिरपतात आणि बटाट्याला लागतात. ओल्या पाल्याखालून काढताना तर थेट चिकटतात. म्हणून पाला कापून उचलायचा आणि निदान दोन आठवडे थांबून मगच खणायचं असतं. आता ती वेळ गेली, पण बटाटे वाचवता येतील.
करपा लागलेल्या बटाट्याच्या सालीवर किंचित दबलेला, जांभळट-तपकिरी डाग असतो. तिथे सुरीने पातळ चकती काढा. खाली विटकरी रंगाचा, दाणेदार भाग आत शिरलेला दिसेल. त्याला स्वतःला वास नसतो. वास येतो तो त्या जखमेतून मागाहून शिरलेल्या जिवाणूंचा, तेच बटाट्याचा लगदा करतात आणि शेजारच्या बटाट्यांनाही लागतात.

बांधावरून
हे अगदी बरोबर. १८४५ मध्ये आयर्लंडात हाच रोग आला, तेव्हा काढताना धडधाकट दिसलेले बटाटे साठवणीत सडून गेले होते. करप्याचं पीक असेल तर माझी मातीची रासही चालणार नाही, एकदा झाकली की आत काय चाललंय ते दिसत नाही.

खुरपं
मग क्रम थोडा बदला. पेटी इतक्यात भरू नका. सगळी पोती रिकामी करा, नुसतं वास येणारंच नाही. ओले बटाटे आधी वाऱ्यावर कोरडे होऊ द्या. मग जिन्याखाली शक्यतो एकाच थरात, दारात पंखा हळू ठेवून दोन आठवडे. करपा असेल तर तो या दिवसांत वर येतो. एक दिवसाआड बघा. त्यातून जे तावून निघतील तेच पेटीत, आणि पेटीतही दर आठवड्याला वरून खालपर्यंत हात फिरवा. साल सुटणारे, फावड्याने कापलेले आणि कोवळे आधी खाऊन टाका, ते टिकणारे नाहीत. एकच मोठी पेटी करण्यापेक्षा तीन-चार लहान करा, म्हणजे एकीत सड लागली तरी बाकीच्या वाचतील.

गवती_चहा
आणि यातले बटाटे बेण्याला ठेवू नका, कितीही चांगले दिसले तरी. शेतात राहिलेले बारीक बटाटेही वेचून काढा. पुढच्या हंगामात ते उगवले की करपा तिथूनच सुरू होतो. सडलेले कंपोस्टमध्ये टाकू नका, खोल पुरा. तुमच्याकडे पाणी वर आहे, तेव्हा पिशवीत बांधून कचऱ्यातच दिलेलं बरं.

नवा_वाफा
मी म्हणूनच बेण्याचं सांगत होतो.

काळी_माती
दोन पोती रिकामी केली. वासाच्या पोत्यात मधोमध चार-पाच बटाट्यांचा लगदा झालाय, भोवतालचे ओले. दुसऱ्या पोत्याला वास नव्हता, तरी तिथेही जांभळट डागाचे निघाले. चकती काढली, खाली विटकरीच आहे. कोनाड्यात सगळे एका थरात मावणार नाहीत.
ज्याला एकाच कोपऱ्यात डाग आहे तो तेवढा कापून बाकीचा खाल्ला तर चालतो का? तसे बरेच आहेत.

प्रयोगवही
चालतो. डागाबरोबर त्याच्या पलीकडचा बोटभर चांगला भागही कापून टाका, उरलेला पांढरा, टणक आणि बिनवासाचा असेल तर शिजवून खा. पण आज-उद्याच, साठवू नका. जास्त असतील तर उकडून, सोलून फ्रीझरमध्ये टाका.

खुरपं
कोनाड्यात मावत नसतील तर क्रेट एकावर एक रचा, मध्ये विटेएवढी फट ठेवून. तिसरं पोतं उघडलंत का?