मदत हवी आहे: एकाच दिशेने आवाज सोडणारं यंत्र सोलापुरात कुठे मिळेल?

मागवाला: आवाज एकाच बाजूने जाऊ देणारं यंत्र निघालंय असं वाचलं. खालचा आवाज वर नको, वरचा मात्र खाली यायला हवा. कुठे मिळेल, किती पडेल? गड्ड्याच्या जत्रेआधी काम उरकायचंय.

साखरपेठकर: खाली काय आहे? गिरणी का डीजे? मधे स्लॅब का पत्रा?

नवं_घर: भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा. आम्ही चिकटवले, मस्त फरक पडला.

ध्वनीवेडा: ट्रेनं खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज अडत नाही. ते यंत्र अजून प्रयोगशाळेतच आहे. २०१४ मध्ये टेक्सास विद्यापीठात आंद्रेआ आलू यांच्या गटानं केलं. गोल पोकळी, तीन तोंडं, आत छोटे पंखे हवा गरागरा फिरवतात. पहिल्या तोंडातून शिरलेला आवाज दुसऱ्यातून निघतो. दुसऱ्यातून सोडला की पहिल्याकडे परतत नाही, तिसऱ्याकडे जातो. फार सुंदर कल्पना आहे! पण चालते ठरावीक सुरापुरती. २०२४ मध्ये झुरिकला केलेलं यंत्रही ८०० हर्ट्‌झच्या आसपासच्या सुरापुरतंच. आवाज कसला ते सांगा की.

मागवाला: आठ माग आहेत, आणखी कसला असणार? मधे स्लॅब. वर आई अंथरुणाला खिळलेली. तिनं हाक मारली तर खाली कळत नाही, आणि खडखडाटानं तिला झोप नाही.

ध्वनीवेडा: मग ते उपयोगाचं नाही. मागाच्या आवाजात सगळेच सूर असतात.

अक्कलकोटरोड: मागाखाली रबरी पॅड घाला. हादरा खांबांतून वर चढतो.

साखरपेठकर: आमच्याकडे पॅडवर माग हलायला लागला, धागे तुटायचे. काढून टाकले.

अक्कलकोटरोड: पॅड मऊ घेतले असतील. कडक घ्यायचे, वजन बघून.

चादरवाला: आठ माग चालवून सुटतं का हल्ली? सूत महाग, चादरीला भाव नाही. आम्ही टॉवेलवर गेलो.

डॉक्टरांचा_मुलगा: तुमचे कान तपासलेत का? कारखान्यात ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. कामगारांनाही कानात बोळे द्या.

वायरमन_विडी_घरकुल: आईंच्या उशाशी बेलचं बटण, खाली मागांसमोर लाल दिवा. खडखडाटात बेल ऐकू येणार नाही, दिवा दिसेल. झोपेसाठी जिन्याचं दार आणि फटी आधी बंद करा.

मागवाला: हे उद्याच करतो. आईचे हात थरथरतात ओ, तळहातानं दाबता येईल असं मोठं बटण कुठे मिळेल?