सुरुवात ताटापासून करावी
कुंद्याच्या, म्हणजे दुधाच्या त्या प्रसिद्ध मिठाईच्या, बेळगावात व्हीगन विचार (प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे टाळण्याचा) रुजणार नाही, हे तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी आणि झुणका हे आपले रोजचे जेवण मुळातच प्राणिजन्य पदार्थांविना होते. म्हणून गावात बोलताना सुरुवात ताटापासून करावी, कारण ज्या घराचा आठवड्याचा बाजार म्हशीच्या दुधावर चालतो, तिथे दुधाचा निषेध कोणी ऐकून घेणार नाही. (कुंदा सोडणे मलाही जडच गेले.) जत्रेतील पशुबळीबाबत मात्र संकोच नको: प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याचे कलम २८ धार्मिक रीतीच्या हत्येला सूट देत असले, तरी कर्नाटकाचा १९५९ चा पशुबळी प्रतिबंधक कायदा देवळाच्या आवारात बळी देण्यास मनाई करतो. हे सांगणारे पत्रक मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत काढावे.