फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, मग गाडीची कशी टिकणार?

तृतीय_वर्ष

घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची चर्चा दरवेळी एकाच जागी अडते. बाबांचं म्हणणं असं की लिथियमची बॅटरी फोनमध्येही आहे आणि गाडीतही. फोन दोन-तीन वर्षांत दिवसातून दोनदा चार्जिंगला लावायची वेळ येते, मग गाडीचं वेगळं काय होणार? आईची शंका वेगळी आहे. किल्ली फोनमध्ये असेल आणि ऐनवेळी फोनच बंद पडला तर? आणि आजीला भीती वाटते की गाड्यांच्या गर्दीत अडकलो, एसी चालू असला, तर गाडी जागच्या जागी संपेल.

मी भौतिकशास्त्र शिकतो, सेल कसा चालतो हे पुस्तकात वाचलंय. पण झीज नेमकी कशाने होते आणि रोज काय करावं, काय टाळावं, हे कुठे नीट सापडत नाही. 'गाडीची बॅटरी दणकट असते' एवढ्याने बाबांचं समाधान होणार नाही. आकडे आणि कारणं हवी आहेत.

---

धनाग्र

बाबांची शंका रास्त आहे, कारण दोन्ही बॅटऱ्यांचं कूळ एकच आहे. ऋणाग्र, म्हणजे सेलचं ऋण टोक, दोन्हीकडे बहुतेक ग्राफाइटचं. धनाग्र, म्हणजे धन टोक, मात्र वेगळं: फोनमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, गाडीत निकेल-मँगनीज-कोबाल्ट (एनएमसी) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी). पण खरा फरक रसायनापेक्षा वापरात आहे.

आधी आवर्तनं मोजू, म्हणजे बॅटरी पूर्ण भरून रिकामी होण्याच्या खेपा. फोनची बॅटरी साधारण ५००० मिलीअँपिअर-तास, ३.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. रोज २० टक्क्यांवरून १०० पर्यंत भरली तर वर्षाला साधारण २९० पूर्ण आवर्तनं होतात. गाडीचा पॅक, म्हणजे सगळ्या सेलचा मिळून संच, ४० युनिटचा (किलोवॅट-तासांचा) धरा, प्रत्यक्ष पल्ला २५० किमी. वर्षाला १२,००० किमी चालली तर आवर्तनं होतात ४८. गाडीची दहा वर्षं म्हणजे ४८० आवर्तनं. तेवढी फोन दोन वर्षांच्या आत पुरी करतो. बाबांना हा एकच हिशोब कागदावर मांडून दाखवा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. पातळ फोनमध्ये जास्तीत जास्त ऊर्जा कोंबायची म्हणून आजचे फोन सेलला ४.४ व्होल्टच्याही वर नेतात. गाडीतल्या एनएमसी सेलची कमाल मर्यादा ४.२ च्या आसपास असते, आणि बहुतेक कंपन्या वर-खाली थोडी क्षमता राखून ठेवतात. पडद्यावर १०० टक्के दिसतात तेव्हा सेल खरोखर काठोकाठ भरलेला नसतो. व्होल्टेज जितकं वर आणि तिथे जितका वेळ, तितका सेलमधला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, लवकर बिघडतो.

तिसरी गोष्ट उष्णता, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. ग्राफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर बसतो. तो संरक्षक असतो, पण उष्णतेत तो जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. क्षमता घटते ती मुख्यतः अशी. ढोबळ नियम म्हणजे तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. फोनमध्ये बॅटरी थंड करायला सहसा वेगळी यंत्रणा नसते. प्रोसेसर, पडदा आणि बॅटरी एकमेकांना चिकटून बसलेले. गाडीच्या पॅकमध्ये मात्र सेलच्या बाजूने किंवा खालून शीतकाचं पाणी फिरतं आणि ठिकठिकाणी तापमापक असतात.

हे सगळ्या गाड्यांना लागू नाही, तेही सांगायला हवं. २०१० साली आलेल्या पहिल्या निसान लीफमध्ये २४ युनिटचा पॅक होता आणि त्याला पाण्याची थंडाई नव्हती. उष्ण हवामानात त्या गाड्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच लवकर घटली. म्हणून गाडी बघायला गेलात की रंग-बिंग नंतर, पहिला प्रश्न हा विचारा: पॅकला द्रव-शीतन आहे का?

चार्जिंगच्या वेगाचाही विचार करा. १९ वॉट-तासांच्या फोनला ६७ वॉटचा चार्जर म्हणजे तासाला क्षमतेच्या साडेतीन पट वेग. ४० युनिटच्या पॅकला घरचा ७ किलोवॅट म्हणजे जेमतेम ०.१८ पट. रस्त्यावरचा ५० किलोवॅटचा फास्ट चार्जर लावला तरी सव्वा पट. घरी चार्ज होणारी गाडी सेलच्या दृष्टीने अगदी निवांत जगते.

रोजची सवय सोपी ठेवा. २० ते ८० टक्क्यांत फिरवा, लांबच्या प्रवासाआधीच १०० करा आणि भरल्यावर लगेच निघा.

---

सेलबदल

धनाग्र यांच्या शेवटच्या ओळीला एक दुरुस्ती. २० ते ८० चा नियम एनएमसीसाठी बरोबर आहे. एलएफपी पॅक कायम ८० वर थांबवला तर वेगळीच अडचण उभी राहते.

एलएफपी सेलचं व्होल्टेज बहुतेक पट्ट्यात ३.२ ते ३.३ च्या दरम्यान जवळपास सपाट असतं. त्यामुळे बॅटरी सांभाळणारी प्रणाली, म्हणजे बीएमएस, व्होल्टेज बघून 'किती उरलं' हे ओळखू शकत नाही. ती आत-बाहेर गेलेला विद्युतप्रवाह मोजून हिशोब ठेवते आणि त्या हिशोबात रोज थोडी चूक साठत जाते. शिवाय सेल एकमेकांच्या बरोबरीला आणण्याचं काम सहसा वरच्या टोकाला होतं. महिनोन् महिने वरचं टोक गाठलंच नाही तर पडद्यावर १२ टक्के दिसत असताना आकडा एकदम कोसळतो आणि गाडी थांबते. बॅटरी खराब झालेली नसते, मोजमाप चुकलेलं असतं. म्हणून अशा गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के भरा असं सांगितलं जातं. पूर्ण भरल्यावर प्लग लगेच काढू नका, बरोबरीचं काम चालू असतं.

आपल्या गाडीत कोणता सेल आहे ते पुस्तिकेत बघा, नाहीतर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आजींसाठी हिशोब. उभ्या गाडीत मोटर काहीच खात नाही. आतली हवा एकदा थंड झाली की एसीला १ ते १.५ किलोवॅट पुरतात, बाकी यंत्रणेला थोडंफार. सगळं मिळून तासाला २ युनिट धरा. ४० युनिटचा पॅक निम्मा असेल तर २० युनिट, म्हणजे दहा तास. कडाक्याच्या थंडीत हीटर मात्र सुरुवातीला ३ ते ५ किलोवॅट ओढतो. तिथे सीट गरम करण्याची सोय असेल तर ती वापरावी, ती पन्नास-शंभर वॉटांत भागते.

गोठणबिंदूच्या खाली चार्जिंग हळू झालं तर घाबरू नका. थंड ग्राफाइटमध्ये लिथियम आत शिरायच्या ऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं आणि ते घातक असतं. म्हणून बीएमएस मुद्दाम प्रवाह रोखते.

---

फेज_न्यूट्रल

बॅटरीवर बरंच लिहून झालंय, मी घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटबद्दल लिहितो. माझ्या मते घरच्या चार्जिंगमध्ये खरा धोका तिथे आहे आणि त्याकडेच कोणी बघत नाही.

फोनचा २० वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर पाव अँपिअरही घेत नाही. गाडीचा सुटा चार्जर १० ते १५ अँपिअर घेतो, तोही सलग आठ-दहा तास. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, हा होत नाही. सॉकेटमधली पकड सैल असेल आणि तिथे फक्त ०.१ ओहम रोध असेल, तर १५ अँपिअरला १५ × १५ × ०.१ म्हणजे २२ वॉटहून अधिक उष्णता त्या एवढ्याशा पितळी पट्टीत रात्रभर तयार होते. आधी पिनेच्या भोकाची कड पिवळसर होते, मग तपकिरी, मग प्लास्टिक मऊ होऊन पकड आणखी सैल होते आणि उष्णता आणखी वाढते. म्हणून पहिल्या रात्री अर्ध्या तासाने आणि मग दोन तासांनी प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा आणि सॉकेट बदला.

एक्स्टेन्शन वापरू नका. गुंडाळी केलेलं तर अजिबात नाही, कारण आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेरच पडत नाही.

कायमची सोय करायची तर मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा. ३२ अँपिअरच्या, म्हणजे ७.४ किलोवॅटच्या चार्जरला किमान ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर १०. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच, आणि तो 'टाइप एसी' नको. गाडीच्या चार्जरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाची, गळती होऊ शकते आणि त्या गळतीने टाइप एसी आंधळा होतो, खरा दोष आला तरी पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलीअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी.

चार्जर लाल दिवा दाखवून सुरूच होत नसेल तर बहुतेकदा अर्थिंग नसतं. अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिवा हिरवा करून देणारे लोक भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरेल.

वेळेचा अंदाज: ४० युनिटचा पॅक २० वरून ८० करायला २४ युनिट लागतात, वाटेतली घट धरून मीटरवर सुमारे २७. १० अँपिअरच्या सॉकेटवर बारा तासांच्या आसपास, ७.४ किलोवॅटवर पावणेचार तास.

---

दूरकिल्ली

आईंच्या प्रश्नावर. फोन ही दुसरी किल्ली समजा, पहिली नाही. गाडीसोबत एनएफसी कार्ड (टेकवलं की दार उघडणारं) किंवा रिमोट मिळतो, तो घराबाहेर पडणाऱ्याच्या खिशात असायलाच हवा. कार्ड फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका. फोन बंद पडला तरी कार्ड हाताशी राहील खरं, पण फोन हरवला तर दोन्ही जातात, शिवाय वायरलेस चार्जिंगच्या पट्टीवर कार्डातली चिप खराब होऊ शकते. रिमोटचा सेल संपला तर बहुतेक रिमोटच्या आत धातूची किल्ली असते. दार उघडून रिमोट पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवला की गाडी सुरू होते. हे एकदा दिवसाउजेडी सगळ्यांनी करून बघा.

ब्लूटूथ किल्लीची नेहमीची तक्रार म्हणजे 'कालपर्यंत उघडत होती, आज नाही'. कारण बहुतेकदा फोनची बॅटरी-बचत असते, ती अॅप पार्श्वभूमीतून बंद करते. सेटिंगमध्ये त्या अॅपला बॅटरीचं बंधन काढा आणि लोकेशनची परवानगी 'नेहमी' करा. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसेल तर इंटरनेटवरून दार उघडणार नाही, ब्लूटूथ किंवा कार्डच चालेल.

घरात चौघं चालवणार असतील तर एकाच खात्याचा पासवर्ड सगळ्यांना देऊ नका. मालकाच्या खात्यातून प्रत्येकाला वेगळी किल्ली पाठवा. मग एकाचा फोन हरवला तर त्याचीच रद्द करता येते. आणि गाडी कुठे आहे हे अॅपमध्ये सगळ्यांना दिसणार का, हे आधी बोलून ठरवा. नंतर त्यावरून घरात कुरबुरी होतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दर थोड्या वेळाने अॅप उघडून टक्के बघितले की गाडी झोपेतून जागी होते, आणि जागी गाडी वीज खाते. बहुतेक गाड्यांत दार, पडदा आणि मोठ्या पॅकला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली तर मोठा पॅक ९० टक्के असूनही गाडी निर्जीव पडते. 'इलेक्ट्रिक गाडी अचानक मेली' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ ही छोटी बॅटरी असते. ती बदलणं सोपं काम आहे, फक्त बोनेट उघडण्याची आणीबाणीची सोय कुठे आहे हे माहीत हवं.

---

तृतीय_वर्ष

मनापासून आभार. ४८ विरुद्ध २९० हा हिशोब बाबांना पटला. आता त्यांनी विचारलंय की काही वर्षांनी किती क्षमता उरली हे कंपनीवर विसंबून न राहता मोजता येतं का? आणि हेच नियम फोनला लावले तर तो जास्त टिकेल का?

---

धनाग्र

मोजता येतं. डीसी फास्ट चार्जरवर २० ते ८० भरा आणि पावतीवरचे युनिट बघा. ४० युनिट वापरता येणाऱ्या नव्या पॅकला २४ लागायला हवेत. २१.५ लागले तर क्षमता साधारण ९० टक्के उरली. डीसी चार्जरवर वाटेतली घट कमी असते, म्हणून घरच्या मीटरपेक्षा हा आकडा भरवशाचा. थंड पॅकवर मोजू नका, दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या, आणि एलएफपी असेल तर आदल्या दिवशी १०० पर्यंत भरून हिशोब जुळवून घ्या. वॉरंटी बऱ्याच ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी आणि ७० टक्के क्षमता अशी असते. करारात तो ७० चा आकडा स्पष्ट लिहिलाय का ते वाचा. काही करारांत फक्त 'बिघाड' झाकलेला असतो, क्षमतेतली घट नाही.

फोनला हेच नियम लावले तर नक्कीच जास्त टिकेल. ८० टक्क्यांची मर्यादा आता बऱ्याच फोनमध्ये असते, ती चालू करा. सगळ्यात वाईट जागा म्हणजे गाडीच्या समोरच्या काचेवरचा स्टँड: ऊन, नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडात आणि त्यात वायरलेस चार्जिंग. तिथे वायर लावा, फोन एसीच्या झडपेसमोर बसवा. जुना फोन कपाटात ठेवायचा तर ५० टक्क्यांवर बंद करून ठेवा, शून्यावर नाही. आणि पाठ फुगलेली दिसली तर तो फोन पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबून सपाट करू नका, दुरुस्तीवाल्याकडे बंद अवस्थेत न्या.