मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) यायचं सोडलेल्या मित्राला परत कसं आणायचं? (वास्को)

वसईचा_वास्कोत
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. मी वसईचा, अकरा वर्षं झाली वास्कोत राहतोय, वेर्ण्याला कामाला आहे. माझ्याच गावचा एक मित्र पण इथंच असतो, लहानपणी आम्ही दोघं वेदीसेवक (मिस्सात फादरना मदत करणारी मुलं) होतो आणि त्याचा आवाज तर असा की नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला गायनमंडळात पुढे तोच उभा असायचा. 2021 च्या मे महिन्यात कोविडमध्ये त्याची आई गेली. त्याला गावी जाता आलं नाही, दफन त्याने मोबाईलवर बघितलं, तेही मधेच नेटवर्क गेलं. नंतर इथल्या चर्चच्या आवारात कुणीतरी त्याला म्हणालं की देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. तो तिथून निघाला तो आजपर्यंत परत आलेला नाही.

मी माझ्या परीने सगळं केलं. दर रविवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर बायबलमधलं वचन पाठवलं, फादरना त्याच्या घरी घेऊन गेलो, तर तो टीव्ही चालू ठेवून बसला आणि चहासुद्धा विचारला नाही. आता रविवारी माझा फोनच उचलत नाही. 24 नोव्हेंबरला सायबाचा, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होईल, जुन्या गोव्याला घेऊन जाऊ का त्याला? की अजून बिथरेल? मला खरंच झोप लागत नाही हो याच्या विचाराने.

मडगावची_ताई
दादा, मी स्वतः नऊ वर्षं चर्चपासून लांब होते म्हणून लिहितेय. सगळ्यात आधी ती रविवारची वचनं बंद करा. मला पण यायची अशी, आणि खरं सांगते, न वाचता डिलीट करायचे, कारण बाकी सहा दिवस त्या माणसांना मी जिवंत आहे का तेही माहीत नसायचं.

माझ्या शेजारी एक बाई राहायची, गोंयकार, माझ्याहून वयाने मोठी. तिने मला तिसऱ्या (शिंपल्या) साफ करायला शिकवलं. रोज संध्याकाळी पायरीवर बसून विळीवर एकेक तिसरी उघडायची, एका शिंपल्यात मांस ठेवायचं, दुसरा टाकून द्यायचा, आणि गप्पा मारायच्या. चर्चचं नाव दोन वर्षांत तिने एकदाही काढलं नाही, पण तेर्स (रोझरीची प्रार्थना) म्हणायची वेळ झाली की हात धुऊन आत जायची आणि मला म्हणायची तू बस गो, मी आले. आतून आवाज यायचा, "आमच्या बापा". पुढची कोंकणी मला येत नव्हती पण तेवढे दोन शब्द ऐकले की घशात काहीतरी यायचं. एक दिवस मीच विचारलं, मी येऊ का गं तुझ्याबरोबर रविवारी. ती म्हणाली चल, शेवटच्या बाकावर दाराजवळ बसू, तुला उठावंसं वाटलं की उठ, मी पण उठेन. एवढंच.

प्रार्थना_सैनिक
मैत्री वगैरे ठीक आहे पण आत्म्याचा प्रश्न आहे हा. माणूस उद्या असेल की नाही सांगता येत नाही. दोन वर्षं तिसऱ्या साफ करत बसायचं का? स्पष्ट बोलावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

माजी_धर्मशिक्षक
सैनिक भाऊ, तुमची तळमळ कळते, पण लूकच्या 24 व्या अध्यायात अम्माऊसची गोष्ट बघा. ते दोघं यरुशलेम सोडून चाललेत, आशा संपली म्हणून, सात मैलांची वाट. येशू त्यांना अडवत नाही, मागे फिरा म्हणत नाही, त्यांच्याच दिशेने चालायला लागतो आणि आधी विचारतो की कशाबद्दल बोलताय. ते सगळं दुःख सांगून मोकळे होतात, मग तो बोलतो, आणि हो, चांगलं खडसावतो पण, तेवढं तुमचं बरोबर आहे. पण आधी ऐकून घेतो. आणि गाव जवळ आल्यावर तो आपण पुढेच चाललोय असं दाखवतो. राहा म्हणून आग्रह ते करतात. मी मुलांना पंधरा वर्षं शिकवलं हे, पण त्या ओळीशी मी दर वेळी थांबायचो.

वसईकर, एक व्यवहाराची गोष्ट. पुष्कळ जणांना वाटतं एवढी वर्षं गेलो नाही म्हणजे आपलं नाव कटलं. तसं काही नसतं, बाप्तिस्मा पुसला जात नाही. मिस्साला येऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त कोमुनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घ्यायच्या आधी कन्फेशन (फादरजवळ पापांची कबुली) करावं लागतं. हे पण त्याने विचारलं तरच सांगा. जुन्या गोव्याचं म्हणाल तर नोव्हेनाला तिथे तुफान गर्दी असते, आणि ज्याला गर्दीतल्या एका वाक्याने तोडलं त्याला पुन्हा गर्दीत नेऊ नका. आणि त्याच्या आईबद्दल कधी बोललात का त्याच्याशी? तुमच्या पोस्टमध्ये वचनं आहेत, फादर आहेत, आईबद्दल तुमचं एकही वाक्य नाही.

डिचोलीकर
मी हिंदू, त्यामुळे आतलं मला कळत नाही, पण राहवलं नाही. आमच्याकडे शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मारिया माता) बहिणी मानतात, सायबिणीच्या फेस्ताला (सणाला) आमची माणसंपण तेल घेऊन जातात. माझा एक ख्रिश्चन दोस्त असाच तुटला होता, वडील गेल्यावर. मी त्याला फेस्ताला माझ्या स्कूटरवर नेला, सरळ म्हटलं मला तेल घालायचंय, आईने सांगितलंय, तू चल सोबत. तो माझ्यासाठी आला. रांगेत तासभर उभे होतो, त्या तासात तो वडिलांबद्दल जेवढं बोलला तेवढं आधी कधीच बोलला नव्हता. पुढे तो चर्चला जायला लागला की नाही मी विचारलं नाही, तो त्याचा विषय. पण आमचं अजून रोज बोलणं होतं.

वसईचा_वास्कोत
धर्मशिक्षक सर, तुमचं शेवटचं वाक्य फार लागलं. खरंच नव्हतो बोललो. भीती वाटायची.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. त्याच्या आईच्या कबरीवर गेलो, गवत वाढलं होतं ते काढलं, मेणबत्ती लावली. येताना त्याच्या घरून सुकेळी दिली त्याच्यासाठी, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, त्याची आई करायची तशीच आता वहिनी करते. काल संध्याकाळी घेऊन गेलो. त्याने पान सोडलं, वास घेतला आणि बराच वेळ तसाच धरून बसला. मग म्हणाला कबरीवर कुणी जातं का रे. मी म्हटलं मी गेलो होतो. नाव नीट दिसतं का, गुलाबी जास्वंद आहे का अजून कोपऱ्यात, सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. खूप रडला. मी पण. चर्चचा विषय निघाला नाही, मी काढलाही नाही, आणि जुन्या गोव्याचं यंदा विचारणार पण नाही.

निघताना म्हणाला, रविवारी सकाळी सातला मासळी मार्केटला जाऊ, इसवण (सुरमई) मिळतो का बघू. सातला माझी मिस्सा असते. हो म्हणालो. मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाऊन येईन.