मदत हवी आहे: कॅम्प डेव्हिडला अराफातना नेमकं काय देऊ केलं होतं?

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनगटात पुढच्या आठवड्यात इस्रायल-पॅलेस्टाईनच्या शांतता प्रयत्नांवर मला बोलायचंय. ऑस्लो करारापर्यंत सगळं नीट कळलं, म्हणजे १९९३ ला नॉर्वेत गुपचूप बोलणी, मग १३ सप्टेंबरला व्हाईट हाऊसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांचं हस्तांदोलन, आणि जेरुसलेम, निर्वासित, व्याप्त भागातल्या इस्रायली वसाहती, सीमा हे सगळे अवघड विषय "नंतर बघू" म्हणून पुढे ढकलले (माझ्या मते माशी तिथेच शिंकली, पण ते असो). पुढे नोव्हेंबर १९९५ ला राबिनना एका ज्यू तरुणानेच गोळ्या घातल्या, ९६ च्या सुरुवातीला हमासचे आत्मघाती स्फोट, मग नेतान्याहू निवडून आले, हेही ठीक.

घोडं अडलंय जुलै २००० वर, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटननी इस्रायलचे पंतप्रधान बराक आणि अराफातना कॅम्प डेव्हिडला बोलणीला बसवलं तिथे. जिकडे बघावं तिकडे एकच, की बराकनी सगळं देऊ केलं आणि अराफात नाही म्हणून निघून गेले. पण क्लिंटनच्याच टीममधले डेनिस रॉस अराफातना दोष देतात आणि त्याच टीममधले रॉबर्ट मॅली म्हणतात चुका तिघांच्याही, आता यातलं कोणाचं धरायचं? शिवाय वेस्ट बँकचा (इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश) किती भाग पॅलेस्टिनींना मिळणार होता, कुणी ९१ टक्के म्हणतं कुणी ९५, मूळ लेखी प्रस्ताव कुठे वाचायला मिळेल का?

प्रतिसाद:
लेखी प्रस्ताव शोधू नका, इस्रायलने तिथे असा कागद दिलाच नव्हता, सगळं तोंडी आणि बरंचसं अमेरिकनांच्या मार्फत. आणि टक्केवारीत मेख अशी की इस्रायली हिशोबात पूर्व जेरुसलेम एकूण जमिनीत धरतच नाहीत, पॅलेस्टिनी धरतात, म्हणून त्याच नकाशाचे दोन आकडे येतात. तुमचा ९५ च्या आसपासचा आकडा तर बहुतेक क्लिंटन पॅरामीटर्सचा (क्लिंटननी मांडलेली तडजोडीची चौकट), ९४ ते ९६ टक्के, ते २३ डिसेंबर २००० चं, तोवर दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) पेटून तीन महिने होत आले होते. तेही क्लिंटननी हळूहळू वाचून दाखवलं आणि समोरच्यांनी शाळेतल्या डिक्टेशनसारखं उतरवून घेतलं! दोन्ही बाजू "हो, पण" म्हणाल्या, भांडण आहे ते कोणाचा "पण" मोठा यावर. जानेवारीत इजिप्तमधल्या ताबा गावी परत बोलणीला बसले, बरेच जवळ आले, पण क्लिंटनची मुदत २० जानेवारीलाच संपलेली आणि ६ फेब्रुवारीच्या निवडणुकीत बराक हरून शेरॉन आले. ताबासाठी युरोपियन युनियनचे दूत मोरातिनोस यांचं टिपण वाचा, दोन्ही बाजूंना ते बऱ्यापैकी मान्य आहे. रॉस आणि मॅली दोघांचंही सांगा, एकाचंच सांगितलंत तर गटातलं कोणीतरी पकडेलच.

धागाकर्ती:
खूप आभार! टक्केवारीची भानगड आत्ता कळली. २००८ ला इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान ओल्मर्टनी पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बासना नकाशा दाखवला पण सोबत नेऊ दिला नाही म्हणतात, त्याबद्दलही कुणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.