समुपदेशकांच्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्वाचा पेपर हवा की नको?

रावपुराकर
माझी भाची जन्मापासून दृष्टिहीन. बारावीनंतर तिची झोप उडाली, सारखी रडायची, म्हणून इथे बडोद्यातच एका समुपदेशकांकडे नेलं. पाऊण तास सगळे प्रश्न मला! बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मामा, मैत्रिणीनं बोलणं टाकलं म्हणून रडतेय मी. डोळ्यांचं काय घेऊन बसलेत?"
2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याचं कलम 47 शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या शिक्षणात हा विषय घालायला सांगतं. 'इतर व्यावसायिक'ही त्यात आहेत. मग समुपदेशकच कसे सुटतात? स्वतंत्र पेपर हवा.

दांडियाबाजार
असहमत. मी समुपदेशन शिकवते. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत, अगदी सिकलसेल, पार्किन्सनसुद्धा. वर्षाच्या पदविकेत किती कोंबायचं? अर्धवट शिकलेला 'मला येतं' म्हणून पुढे सरसावतो, ते जास्त घातक. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे, नोंदणी असलेले पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्याकडे पाठवावं.

रावपुराकर
ताई, मैत्रिणीशी बिनसलं त्याला पुनर्वसन?

खुणांची_भाषा
मी कर्णबधिर आहे. समुपदेशक म्हणाले, दुभाष्या म्हणून भावाला आणा. माझं भांडण भावाशीच होतं. मग मी तासभर अभ्यासाबद्दल बोलले आणि घरी आले.
लिहून का नाही सांगितलं, असं विचारतात. खुणांची भाषा माझी पहिली, मराठी-गुजराती नंतरच्या. लिहिताना मनातलं अर्धंच उतरतं.

दांडियाबाजार
भावाचं वाचून गलबललं. गोपनीयता मी दरवर्षी शिकवते, दुभाष्याचा विचार कधी केला नाही. यंदापासून हा प्रसंग वर्गात घेईन. पण वेगळ्या पेपरच्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावतात, त्याला माझा विरोध राहील. मुलं दहा मिनिटं धडपडतात आणि 'बिचारे कसे जगत असतील' एवढंच घेऊन घरी जातात.

मांजलपूर_चाकावर
पट्टीचं शंभर टक्के पटलं. पण 'प्रसंग घेईन' म्हणजे तुमच्या मर्जीवर. गुण नसतील तर वाचतं कोण? आणि शिकवायला आम्हाला बोलवा, मानधन देऊन. शाल-श्रीफळ नको.
माझ्या समुपदेशकांची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोनवर बोलू म्हणाले. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. मनातलं बोलायचं कुठे बसून?

दांडियाबाजार
अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, त्यातले 10 यासाठी ठेवते. मानधनाचं विभागात मांडते. वेगळ्या पेपरला मात्र अजून माझा नकारच आहे.

रावपुराकर
आणि तुमच्यानंतर दुसरं कुणी शिकवायला आलं तर त्या 10 गुणांचं काय?