सुजलेलं कोपर चोळू नका

ताई, लेक घसरगुंडीवरून पडली, कोपर सुजलंय आणि सासूबाई तेल लावून चोळायला सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून चोळू नका, ओढून बघू नका. वर एकांनी ‘हात निखळला असेल, फिरवला की बसतो’ म्हटलंय, ते प्रकरण वेगळं. साधारण 1 ते 4 वर्षांच्या मुलाला मनगट धरून झटकन उचललं की कोपरातला अस्थिबंध, म्हणजे हाडं जागेवर धरणारा पट्टा, सरकतो. त्यात सूज नसते, मूल फक्त हात हलवत नाही. डॉक्टर तो मिनिटभरात बसवतात. पडून सूज आली असेल तर आधी एक्स-रेच.

आमचा मुलगा 6 वर्षांचा असताना नेरुळला सोसायटीच्या बागेत तळहातावर पडला. दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं. या वयात कोपराचं फ्रॅक्चर बहुतेकदा तिथेच होतं. शेजारच्या काकूंनी हात होता तसाच ओढणीने छातीशी बांधून दिला, ते फार बरं झालं. रिक्षात मी त्याला दूध-बिस्किटं दिली, आणि भुलीसाठी पोट रिकामं हवं म्हणून ऑपरेशन सहा तास थांबलं. तुम्ही काही खाऊ घालू नका.

प्लास्टर घातल्यावर रात्री बोटं बघत राहा. गार पडली, निळसर किंवा फिकट दिसली, मुंग्या आल्या किंवा बोट हलकेच सरळ करतानाही ती किंचाळली, तर सकाळची वाट न बघता परत न्या. हाडवैद्याच्या घट्ट पट्ट्यांखाली रक्त अडलं तर पंजा कायमचा आखडतो.